जोड्याला पॉलिश करण्याआधी

दोस्तहो, या अंकासाठी माझ्याकडून कविता मागितली होती. कविता नाही. जोड्यांवर लिहितोय. काळ्या कातड्याचे, नाडीचे, फरशीवर टक् टक् वाजणारे जोडे. मुलाखतीला, लग्नात, १४ एप्रिलला अन् १६ ऑक्टोबरला चांद्याच्या दीक्षाभूमीवर आपण घालून जातो ते.

आमच्या अभ्यासवर्गात एक भाऊ म्हणाला, "बूट-पॉलिश हा काय चळवळीचा विषय हाये का? साहेबी थाट हाये तो." मी बल्लारपूरला कागदाच्या मिलमध्ये काम करतो. मिलमध्ये पायात जाड सेफ्टी बूट असतात, ते कुणी चमकवत बसत नाही. पण घरी बोनसच्या पैशाचा एक जोड आहे आणि तो मी जपतो. त्या भावाला उत्तर द्यायचं म्हणून पुस्तकं उघडली अन् वही भरत गेली. त्यातलं थोडं इथं देतो. कॉलेजचं तोंड पाहिलं नाही, तेव्हा पंडिती भाषेची अपेक्षा ठेवू नका.

सुरुवात पोरांच्या पायातल्या जोड्यांपासून करू. साल १९०१. रामजी सुभेदार तेव्हा गोरेगावला खजिनदाराच्या नोकरीवर. साताऱ्याहून पोरं त्यांना भेटायला निघाली. भीमराव, त्यांचा भाऊ, बहिणीची पोरं. आगगाडीतून पहिलाच मोठा प्रवास, म्हणून नवे कपडे शिवले. विलायती पद्धतीचे सदरे, चमकत्या टोप्या, रेशीमकाठी धोतरं आणि नवे जोडे. बाबासाहेबांनी पुढे स्वतःच्या हाताने हे लिहून ठेवलंय, जोड्यांसकट. बाकी कितीतरी गोष्टी माणूस विसरतो, पण लहानपणचा नवा जोडा विसरत नाही.

मसूर स्टेशनावर पोरं उतरली. न्यायला कुणी आलं नव्हतं. स्टेशनमास्तर जवळ आला, गोड बोलला. कपडे अन् जोडे बघून त्याला ही बामणाची पोरं वाटली. मग त्याने विचारलं, तुम्ही कोण? पोरांनी सरळ सांगितलं, महार. मास्तरचं तोंड पडलं, पाच पावलं मागे सरकला. पुढे गाडीवान मिळेना. दुप्पट भाडं दिलं, गाडी पोरांनीच हाकली अन् गाडीवान पायी चालला. रात्र झाली, डबा होता पण पाणी मिळालं नाही.

जोडे तेच होते. पोरं तीच होती. मध्ये फक्त एक शब्द आला. जोडा माणसाला बामण करू शकतो, पण तोंडातून जात निघेपर्यंतच.

आता तो जोडा आला कुठून ते बघू. आपल्याकडे जोड्याची एक साखळी होती. मेलेलं जनावर गावाबाहेर ओढून न्यायचं महाराने. कातडं कमावायचं ढोराने. कमावलेल्या कातड्याचा जोडा शिवायचा चांभाराने. हलगीवर चढलेलं कातडं वाजवायचं मांगाने. एकाच जनावराच्या कातड्याभोवती चार जाती बसवल्या अन् चौघांच्या पाण्याची भांडी वेगळी. आपसात बेटीव्यवहार तर सोडाच. वर म्हण काय, तर पायातली वहाण पायातच बरी! ही म्हण ज्याने काढली त्याच्या पायातली वहाण कुणी केली होती, हे त्याला विचारायला हवं होतं.

कातडं कमावणं म्हणजे काय, हे आपल्यातल्या शिकलेल्या पोरांना आता माहीत नसतं. सोललेलं कातडं दोन दिवसांत सडतं. सडू नये म्हणून नुसतं वाळवलं तर पत्र्यासारखं कडक होतं, त्याचा जोडा होत नाही. म्हणून आधी मीठ. मग चुन्याच्या पाण्यात भिजत घालायचं. केस सुटले की खरडून काढायचे, आतल्या अंगाचं मांस अन् चरबी तासायची, चुना पुन्हा पुन्हा धुवायचा. मग खरी मेहनत. बाभळीची साल आणि हिरडा कुटून त्याचं पाणी करायचं. एक जुनी रीत अशी की कातडं कडेने शिवून त्याची पखालीसारखी पिशवी करायची, ती टांगायची अन् आत सालीचं पाणी भरायचं. पाणी कातड्यातून झिरपतं, खालच्या भांड्यात गळतं, ते परत वर ओतायचं. दिवसामागून दिवस. पिशवी उलटी टांगायची, पुन्हा तेच. कातड्याचा काप घेऊन बघायचा, रंग मधोमध पोचला का? नसेल पोचला तर पुन्हा ओतायचं.

यात घडतं ते असं. कातडं म्हणजे कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे गुंतलेले तंतू. सालीतलं अन् हिरड्यातलं टॅनिन त्या तंतूंना धरून बसतं. एकदा बसलं की मग कुजवणाऱ्या जंतूंना तिथे शिरकाव नाही, अन् वाळल्यावर तंतू एकमेकांना चिकटतही नाहीत. हे सगळं रसायनशास्त्र आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपात क्रोमच्या क्षाराने कातडं कमावायची रीत निघाली, अमेरिकेत १८८४ साली तिचं पेटंट झालं. पेटंट घेणाऱ्याचं नाव पुस्तकात आहे. हिरड्याचं पाणी कधी पुरे झालं हे जिभेवर टेकवून, बोटाने चाचपून ओळखणाऱ्या ढोराला कुणी शास्त्रज्ञ म्हटलं नाही. नाक दाबून म्हटलं, वास मारतो.

एकदा या साखळीला सुरुंग लागला होता. बाराव्या शतकात, बिदरकडच्या कल्याणला. बसवण्णांच्या शरणांत हरळय्या हा जोडे करणारा होता, कक्कय्या हा ढोर होता. लिंगायत परंपरा सांगते की हरळय्या आणि त्याची बायको कल्याणम्मा यांनी स्वतःच्या मांडीच्या कातड्याचे जोडे करून बसवण्णांना नेऊन दिले, अन् बसवण्णा ते पायात घालू शकले नाहीत. भक्तांची कथा आहे, तिच्याकडे कथा म्हणूनच बघा. मला तिचा पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. या हरळय्याच्या पोराचं लग्न मधुवरस या जन्माने ब्राह्मण असलेल्या शरणाच्या पोरीशी झालं. बिज्जळ राजाने दोन्ही बापांना देहदंड दिला. कल्याण पेटलं, शरण देशोधडीला लागले. म्हणजे जोडा शिवलेला चालला, तो भक्तीने पायाशी ठेवलेलाही चालला. जोडे करणाऱ्याने ताट बरोबरीने मांडलं तेव्हा मुंडकं गेलं.

इंग्रज आला. जोडा म्हणजे काय चीज आहे हे त्याला चांगलंच समजलं होतं. त्याच्या कचेरीत नेटिव माणसाने जोडे बाहेर काढून यायचं, हा नियम त्याने आपल्याच दरबारी रीतीतून उचलला. मग इंग्रजी शिकलेले नेटिव युरोपियन बूट-मोजे घालू लागले अन् भांडण लागलं. १८५४ साली डलहौसीच्या सरकारने बंगालपुरता ठराव केला की युरोपियन पद्धतीचे बूट घातलेल्या नेटिव गृहस्थाला सरकारी समारंभात ते काढावे लागणार नाहीत. तरी १८६२ ला सुरतेच्या कोर्टात एका पारशी असेसरला बुटावरून अडवलंच. त्यावर पेपरात रान उठलं. वीसेक वर्षांनी तो नियम बंगालबाहेरही गेला. शिकलेल्या सवर्णाच्या बुटासाठी एवढी कागदपत्रं झाली. त्याच काळात गावात पाटलाच्या वाड्यासमोरून जाताना आपला आजा-पणजा वहाण काढून काखेत धरत होता, त्यावर एक ओळीचा ठराव झाला नाही.

आपल्या माणसाच्या पायात सरकारी बूट आला तो पलटणीत. मुंबई इलाख्याच्या फौजेत महार सैनिक होते. तिथे बूट नुसता घालून भागत नाही. रोज पुसायचा, घासायचा, परेडला दाखवायचा. ज्या हातांना गावाने मेलेल्या ढोराची शेपटी दिली होती, त्या हातांनी कमावलेल्या कातड्याला चमक काढली, तीही स्वतःच्या पायातल्या. रामजी सुभेदार याच फौजेतले. आपल्या जुन्या घरांत आठवड्यातून एकदा जोडे ओळीने मांडून पुसायची रीत दिसते, ती मला वाटतं छावणीतूनच आली. १८९० नंतर सरकारने महारांची भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल अन् दुसरं महायुद्ध लागलं.

डबीतलं पॉलिशही पलटणीच्या बुटाबरोबरच जगभर पसरलं. किवी १९०६ ला मेलबर्नमध्ये निघालं. काढणाऱ्या विल्यम रॅमसेची बायको न्यूझीलंडची, म्हणून तिकडच्या पक्ष्याचं नाव. चेरी ब्लॉसमही १९०६ चंच, इंग्लंडचं. पहिल्या महायुद्धात लाखो शिपाई, लाखो बूट, त्यात या डब्या खपल्या. आत काय असतं? मेण, टर्पेंटाइनसारखं उडून जाणारं तेल अन् रंग. भारी पॉलिशमध्ये ब्राझीलच्या एका ताडाच्या पानावरचं कार्नोबा मेण. तेल उडून जातं, मेण मागे राहतं, त्याला घासलं की चमक येते. बस एवढंच.

आता भामरागड. तुम्ही म्हणाल, जोड्याच्या गोष्टीत भामरागड कुठून आलं? माझा एक दोस्त तिथे आश्रमशाळेत मास्तर आहे, त्याच्याकडे गेलो होतो. पर्लकोटा, पामुलगौतम अन् इंद्रावती तिथे मिळतात. पावसाळ्यात पर्लकोटेचं पाणी पुलावर चढलं की भामरागड जगापासून तुटतं. कधी दोन दिवस, कधी जास्त. हवेत इतकी ओल की काडेपेटीची काडी पेटत नाही. दोस्ताने खाटेखालून काळे जोडे काढले. वर हिरवी-पांढरी बुरशी, जशी शिळ्या भाकरीवर येते.

"कायले आणलेस बे हे जोडे इकडे?" मी विचारलं.

"झेंड्याले घालाले आणले. इथले साहेब लोक बुटात येतेत अन् मास्तर चपलीत उभा राहीन का?"

बरोबर बोलला. जंगलात बूट म्हणजे सत्ता. फॉरेस्टचा बूट, पोलिसाचा बूट, ठेकेदाराचा बूट. चिखलात ठसा बघून इथला माणूस ठरवतो की पुढे जायचं की वाट बदलायची. अशा गावात आपल्यातला मास्तर चकचकीत बूट घालून पोरांना मुळाक्षरं शिकवतो, तेव्हा माडिया पोरं पहिल्यांदा बघतात की बुटातला माणूस हाक मारून जवळही बसवतो. याला थाट म्हणायचं असेल त्याने म्हणावं.

तो जोडे चुलीजवळ ठेवायला निघाला होता. मी हात धरला. ओलं कातडं विस्तवाच्या आचेला धरलं की त्यातले तंतू आखडतात, कातडं आक्रसतं, मग वाकवलं की तडकतं. ते पुन्हा जोडत नाही. चुलीचं नको, तापलेल्या पत्र्याचं नको, भर उन्हाचंही नको. नाडी काढायची, आत रद्दी पेपर चुरगाळून भरायचे, तळवा जमिनीला चिकटू नये म्हणून जोडा आडवा ठेवायचा, वारा लागेल अशा सावलीत. पेपर ओले झाले की बदलायचे. पुरते सुकायला एक-दोन दिवस जातात, घाई करायची नाही. बुरशी घराबाहेर नेऊन कोरड्या फडक्याने झाडायची, घरात झाडली तर दुसऱ्या जोड्यावर बसते. मग पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पिळलेल्या कापडाने पुसायचं अन् पुन्हा सुकवायचं. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवायचे नाहीत. आपले लोक भारी वस्तू प्लॅस्टिकमध्येच बांधतात. कातड्याला त्यात वाफ धरते अन् बुरशीचं शेत होतं. कापडी पिशवीत ठेवा, खुंटीला टांगा.

जोडे सुकत होते तेव्हा आम्ही गावामागे फिरायला गेलो. दोस्ताने एक झाड दाखवलं. हिरडा. हिवाळा सरताना फळं पडतात, माडिया बाया वेचतात, वाळवतात, बाजारात नेतात. वाळलेल्या हिरड्यात शेकडा तीसच्या आसपास टॅनिन असतं. कातडं कमावायला लागतं ते हेच. इंग्रजांच्या काळात हिरडा जहाजं भरभरून विलायतेला गेला. तिथल्या बाजारात त्याच्या जातींची नावं आपल्या मुलखाची होती. जबलपुरी, राजापुरी, वेंगुर्ला, भिमली. चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात, भामरागड अहेरी जमीनदारीत. जंगलावर सरकारचा अन् जमीनदाराचा हक्क, आणि हिरड्याला सरकारी कागदात 'गौण वनोपज' हे नाव. गौण! त्या गौण फळाशिवाय विलायतेतल्या कितीतरी कारखान्यांचे हौद कोरडे पडले असते.

मला तिथे उभ्या उभ्या साखळीची पाचवी कडी दिसली. मी चार जाती मोजत होतो. जंगलातला माडिया त्यात धरलाच नव्हता कुणी. तो हिंदूंच्या चार वर्णांत नाही, आपल्या चार जातींत नाही. पण साहेबाच्या बुटाला जी उमर मिळाली ती त्याने वेचलेल्या फळाने. अन् वेचणाऱ्या बाईचे पाय? तेंदूच्या खुंटांत अनवाणी. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरचा हक्क ग्रामसभेला दिला. याच गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवून दाखवला. कायदा झाला म्हणून बाजारात भाव मिळतो असं नाही, पण कागदावर आता मालक तरी बदललाय.

आता त्या 'साहेबी थाट'वाल्या भावाकडे येतो. गांधी दक्षिण आफ्रिकेत टॉल्स्टॉय फार्मवर चपला शिवायला शिकले. एक जोड जनरल स्मट्सला १९१४ ला भेट दिला. स्मट्सने तो १९३९ ला परत पाठवला, की एवढ्या मोठ्या माणसाच्या जोड्यात पाय घालायची आपली लायकी नाही. जगभर ही गोष्ट सांगतात. सांगा बुवा. मी एवढंच विचारतो, बॅरिस्टराने चप्पल शिवली तर त्याग, अन् चांभाराने शिवली तर त्याचा धर्म, हा हिशेब कोणत्या वहीतला? ज्याच्याकडे बूट होते त्याने बूट सोडले तर तो महात्मा. ज्याला घालू दिले नाहीत, त्याने काय सोडायचं?

म्हणून बाबासाहेब सुटाबुटात राहिले. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला त्यांनी सांगितलं, मेलेली ढोरं ओढू नका, मेलेल्याचं मांस खाऊ नका. त्याच सालच्या डिसेंबरात महाडलाच आपल्या बायांना सांगितलं, गुडघ्यावर लुगडं नेसायचं सोडा, जातीची खूण सांगणारे दागिने टाका, स्वच्छ राहा. कपडा-जोडा ही त्यांच्यासाठी लढाईतली जागा होती. अन् १५ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या भाषणात त्यांनी जुनी हकिकत सांगितली. 'केसरी'त कुणीतरी हिशेब छापला होता की गावात इतकी ढोरं मरतात, त्यांची शिंगं, खूर, हाडं, मांस विकून महाराला पाचशे रुपये मिळाले असते, ते आंबेडकर बुडवतात. बाबासाहेबांचं उत्तर असं, की ते पाचशे मी पदरचे देतो, ढोरं तुम्ही ओढा. दुसऱ्या दिवशी, १६ ला, ते आपल्या चांद्याला आले अन् इथे दीक्षा झाली.

तो प्रश्न आजही मेलेला नाही. २०१५ ला महाराष्ट्रात बैल-गोऱ्ह्याच्या कत्तलीवरही बंदी आली, कातड्याच्या धंद्याचा कणा मोडला. ११ जुलै २०१६ ला गुजरातेत उन्याजवळ मेलेली गाय सोलणाऱ्या दलित पोरांना गाडीला बांधून झोडपलं. मग तिथल्या लोकांनी मेलेली जनावरं नेऊन सरकारी कचेरीपुढे टाकली. नव्वद वर्षांनी महाडचाच शब्द. तिकडे कोल्हापुरी चपलेला २०१९ ला भौगोलिक मानांकन मिळालं, अन् २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोत प्रादा कंपनीने तशीच चप्पल मिरवली, कोल्हापूरचं नाव न घेता. ओरडा झाल्यावर कबूल केलं. म्हणजे कातड्याला जगभर मान आहे. कातड्यावर हात ठेवणारा सापडला की मार आहे.

आणि कायदा? १९५५ च्या कायद्यात दागिने अन् भारी पोशाख वापरायला अडवणं गुन्हा ठरवलं होतं. पण ॲट्रॉसिटी कायद्याची दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ ला लागू झाली, तिच्यात सरळ लिहावं लागलं की अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला सार्वजनिक जागी पायताण घालण्यापासून अडवणं गुन्हा आहे. एकविसाव्या शतकात संसदेला हा शब्द घालावा लागला. साहेबी थाट म्हणे!

एक गोष्ट मात्र आपल्यातल्या शिकलेल्यांना बोलायची आहे. राग आला तर येऊ द्या. स्टेशनबाहेर मी बघतो, निळा बिल्ला लावलेला माणूस मोच्याच्या पेटीवर पाय टेकतो अन् वरून म्हणतो, "ए, लवकर कर." आपण ढोरं ओढणं सोडलं, ते शहाणपणाचं केलं. पण ज्याच्या हातात आरी, रापी अन् ब्रश राहिला तो आपल्यापेक्षा खालचा, हे कुणी शिकवलं? बाबासाहेबांनी तर नाही. घाण लादलेली होती, ती सोडायची होती. कातडं समजण्याची, शिवण्याची अक्कल घाण नव्हती. सोल निघाला, टाच झिजली तर मोच्याकडेच जा. ते कसब आहे, त्याला 'दादा' म्हणा, सांगेल तो भाव द्या. पण पॉलिश आपल्या हाताने करा. कसं ते लिहितो, बाजारू जाहिरातीत सांगत नाहीत.

आधी नाडी काढा. कोरड्या ब्रशने धूळ झाडा, शिवणीतली सुद्धा, कारण धुळीवर पॉलिश घासलं की ते पॉलिशपेपरचं काम करतं. ओल्या पिळलेल्या फडक्याने पुसा, वाळू द्या. महिन्या-दोन महिन्यातून एकदा कातड्याला स्निग्ध लागतं, त्यासाठी क्रीम किंवा नीट्सफूट तेल, अगदी थोडं. हे तेल ढोराच्याच पायाच्या नळीचं असतं, त्याचं त्याला परत. खोबरेल चोपडू नका, धूळ धरतं अन् डाग पडतात. मग जुन्या सुती बनियनचा तुकडा बोटाला गुंडाळून पॉलिशचा पातळ हात, गोल गोल. जाड थर दिला की वाकतो तिथे मेण फुटतं. दहा मिनिटं थांबा. घोड्याच्या केसांचा ब्रश असेल तर उत्तम, त्याने हलक्या हाताने झपाझप. टोकाला पलटणीतली चमक हवी असेल तर पाण्याचा एक थेंब अन् पुन्हा पातळ हात. एकच जोड रोज घालू नका, घामाची ओल सुकायला त्याला एक दिवस द्या. दुसरा जोड घ्यायची ऐपत नसेल तर रात्री आत पेपर भरा. आम्ही मिलमध्ये कागद करतो, तो निदान एवढ्या कामाला तरी येऊ द्या.

पुढच्या अंकासाठी एक काम. तुमच्या वस्तीत ढोर-चांभार समाजातला कुणी म्हातारा, कुणी आजी असेल तर जाऊन बसा. हत्यारांची नावं, सालीचं पाणी करायची रीत, कोणत्या गावच्या बाजारात कातडं जायचं, जोडा पायात घालून कोणत्या गल्लीतून जाता येत नव्हतं, सगळं त्यांच्याच बोलीत उतरवून पाठवा. शुद्धलेखन बघू नका.